पिवळ्याची वेतननिश्चिती

ज्युदो हा मुळात फार सरळ खेळ. समोरच्याची कॉलर आणि बाही धरायची, त्याचा तोल घालवायचा आणि त्याला पाठीवर आपटायचं. पाठ नीट टेकली की पंच हात वर करून ‘इप्पोन’ म्हणतो आणि मामला संपतो. आपटणं जमलं नाही तर खाली दाबून वीस सेकंद धरून ठेवायचं, तरी मामला संपतो. कुस्तीचा वेळ चार मिनिटं. एवढ्या वेळात आमच्या बँकेत टोकनसुद्धा मिळत नाही. इतका रोखठोक निकाल देणाऱ्या खेळात माणसाची इयत्ता ठरवायला मात्र सहा क्यू, दहा दान, इंद्रधनुष्याला लाजवतील इतके रंग आणि पालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप लागतो.

खरं म्हणजे मॅटवरच्या माणसाला पट्ट्याचा फारसा उपयोग नसतो. समोरचा किती पाण्यात आहे हे त्यानं कॉलर धरल्याबरोबर कळतं. त्याच्या कमरेकडे बघत बसलात तर पुढच्या क्षणी छताकडे बघायची वेळ येते. ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंची वाटणी होते ती वजनावर: पुरुषांचे ६० किलोपासून १०० किलोच्या वरपर्यंत सात गट, बायकांचे ४८ पासून ७८ च्या वरपर्यंत सात. वजनकाटा कुणालाही ‘आपला दान कितवा?’ असं विचारत नाही. पट्ट्याचं खरं काम एवढंच, की तो जाड सुती डगला अंगावर जागच्या जागी राहावा. त्यासाठी पट्ट्यानं कमरेला दोन वेढे घ्यावेत आणि गाठ मारल्यावर टोकं २० ते ३० सेंटिमीटर लोंबावीत, असा स्पर्धेचा नियमही आहे. माझी मुलगी जाते त्या ज्युदोच्या वर्गातले पट्टे हेही काम करत नाहीत. ते दर दोन मिनिटांनी सुटतात आणि मुलं दोन्ही टोकं हातात धरून सरांपुढे रांग लावतात. सर बिचारे तासातला निम्मा वेळ गाठी मारण्यात घालवतात.

मग रंग कुणासाठी? कडेच्या बाकावर बसलेल्यांसाठी. आम्हाला ओ-सोटो-गारी आणि ओ-उची-गारी या डावांतला फरक कळत नाही, पण पिवळा आणि नारिंगी यांतला लांबूनही कळतो. पट्टा पोर बांधतं, मिरवतात आईबाप. आणि बाकावरच्यांसाठी केलेली व्यवस्था कधी कमी होत नाही, सुधारणेच्या नावाखाली ती वाढतच जाते.

या सुधारणांची सुरुवात थेट मूळ पुरुषापासूनच झाली. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योतल्या एइशो-जी या मंदिरात बारा चटया मावतील एवढ्या जागेत कोडोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. कानो पेशानं शिक्षक. पुढे तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुख झाले. शिक्षक म्हटल्यावर इयत्ता आल्याच. जुन्या जुजुत्सूच्या गुरूंकडे मोजकेच दाखले असत आणि तेही वर्षानुवर्षं घाम गाळल्यावर मिळत. एवढा वेळ पोरांचा उत्साह टिकणार नाही, मधे पायऱ्या हव्यात, असं कानोंना वाटलं. त्यांनी दानाची कल्पना उचलली ती गो या पटावरच्या खेळातून. म्हणजे माणसं उचलून आपटणाऱ्यांची प्रतवारी कशी करायची, हे तासन्‌तास मांडी न मोडणाऱ्यांकडून शिकून घेतलं. १८८३ मध्ये शिरो साइगो आणि त्सुनेजिरो तोमिता हे दोघं पहिले दानधारी झाले. त्यांना तेव्हा कुठलाही काळा पट्टा मिळाला नाही. तो निघाला पुढे १८८६ च्या सुमारास. तोवर दान नुसता मनात धरायचा होता. आमच्या ग्रुपवर ही माहिती मी टाकली तेव्हा एका आईनं विचारलं, “मग घरच्यांना कळायचं कसं?”

कानोंनी स्वतःला मात्र एकही दान घेतला नाही. पेपर काढणाऱ्यानं पेपर सोडवायचा नसतो, एवढं ते जाणून होते.

जपानात बरीच वर्षं मोठ्या माणसांचं पांढरा, तपकिरी, काळा एवढ्यावर भागलं. रंगांची उधळण केली ती युरोपानं. लंडनच्या बुडोक्वाई क्लबात १९२० च्या दशकातच रंगीत पट्टे दिसू लागले होते. १९३५ मध्ये मिकिनोसुके कावाइशी पॅरिसला आले आणि त्यांनी पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा अशी शिडीच उभी केली. पॅरिसचा माणूस पांढऱ्यापासून तपकिरीपर्यंत गुपचूप वाट बघणार नाही, त्याला अधूनमधून काहीतरी हाती पडलं पाहिजे, हे कावाइशींनी ओळखलं. त्यांनी आमचं पुणं पाहिलं असतं तर शिडीऐवजी सरकता जिना बांधला असता.

आपल्याकडे रवींद्रनाथांनी १९२९ मध्ये शिन्झो ताकागाकी या जपानी शिक्षकांना शांतिनिकेतनात बोलावून ज्युदो शिकवायला लावला. तिथल्या मुलामुलींनी आंब्याच्या झाडांच्या सावलीतल्या त्या आश्रमात एकमेकांना रीतसर आपटलं. त्यांच्या पालकांनी मधल्या रंगाबद्दल काही विचारणा केल्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

तर आमच्या वर्गाची सुधारणा. इतके दिवस पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी आणि काळा असा साधा कार्यक्रम होता. एका संध्याकाळी सरांचा निरोप आला की लहान मुलांसाठी आता प्रत्येक दोन रंगांच्या मधे एक जोडपट्टा असेल. पांढऱ्यानंतर पांढरा-पिवळा, मग पिवळा, मग पिवळा-नारिंगी, असं पुढे. शिवाय प्रत्येक पायरीला किमान वय. यात सरांनी नवं काही शोधलेलं नव्हतं. फ्रान्समध्ये लहान मुलांना असे जोडपट्टे फार पूर्वीपासून देतात. ब्रिटनमध्ये तर मुलांसाठी ‘मोन’ नावाच्या अठरा पायऱ्या आहेत. निरोपाच्या शेवटी सरांनी लिहिलं होतं, ‘मुलांनी रंगाकडे लक्ष न देता खेळाकडे लक्ष द्यावं, हा या बदलाचा हेतू आहे.’ रंगाकडे लक्ष जाऊ नये म्हणून रंग दुप्पट केले होते.

हा निरोप मी घरी मोठ्यांदा वाचला ही गोष्ट सासरेबुवांच्या पथ्यावर पडली. नाना जिल्हा परिषदेच्या वित्त विभागातून निवृत्त झालेत. तीन वेतन आयोगांची वेतननिश्चिती त्यांच्या हातून गेली आहे. सातव्या आयोगाचा २.५७ हा गुणक ते अजून झोपेत म्हणतात. नातीच्या ज्युदोशी त्यांचा संबंध तोवर ‘हात मोडून घेऊ नकोस’ एवढाच होता. निरोप ऐकताच त्यांनी चष्मा पुसला.

“सूनबाई, हे परिपत्रक कोणत्या तारखेपासून अंमलात?”

“पुढच्या ग्रेडिंगपासून, नाना.”

“पूर्वलक्षी प्रभाव आहे का?”

“म्हणजे?”

“म्हणजे आपल्या पोरीनं जुन्या पद्धतीत पिवळा मिळवलाय. तो नव्यात कुठे बसतो? पिवळ्यात, की पांढऱ्या-पिवळ्यात? तिला पांढऱ्या-पिवळ्याची परीक्षा मागाहून द्यावी लागेल, की ती दिली असं समजण्यात येईल?”

मी म्हटलं, समजण्यात येईल. नाना म्हणाले, “समजण्यात येईल असं लेखी आहे का?”

रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी फुलस्केप कागदावर तक्ता आखला. पहिला रकाना जुना पट्टा, दुसरा नवा पट्टा, तिसरा पुढील बढतीची तारीख, चौथा शेरा. त्यातून लगेच विसंगती निघाली. वर्षभर पिवळ्यात घासलेली आपली मुलगी आणि गेल्याच महिन्यात पिवळा झालेला डॉक्टरांचा मुलगा, दोघंही नव्या पद्धतीत एकाच पिवळ्यावर आले होते. “कनिष्ठ कर्मचारी ज्येष्ठाच्या बरोबरीला आला,” नाना गंभीरपणे म्हणाले. “पाचव्या आयोगात हेच झालं होतं.”

क्रमांकांनी तर त्यांची झोप उडवली. रंगीत पट्ट्यांचे क्यू सहापासून सुरू होतात आणि उतरत उतरत एकवर येतात, म्हणजे पहिला क्यू सगळ्यात वरचा. तिथून काळा पट्टा मिळाला की दान सुरू होतात आणि ते एकपासून चढत चढत दहावर जातात, म्हणजे पहिला दान सगळ्यात खालचा. नाना बराच वेळ बोटं मिटत आणि उघडत बसले. शेवटी म्हणाले, “म्हणजे माणूस आधी उलटा मोजत जमिनीवर येतो आणि मग सुलटा मोजत वर जातो. हा खेळ कुणीतरी वित्त विभागातल्याच माणसानं काढलाय.”

दुसऱ्या दिवशी ते तक्ता घेऊन वर्गात आले. सर मितभाषी आहेत. त्यांनी कागद उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला आणि म्हणाले, “आजोबा, पिवळा तो पिवळाच.”

“तुमचं बरोबर आहे हो सर,” नाना म्हणाले, “पण तेवढं एक शुद्धिपत्रक काढा.”

इकडे पालकांच्या ग्रुपवर वेगळीच धामधूम. आयटीतल्या एका बाबांनी एक्सेलचा तक्ता करून प्रत्येक मुलाचा चौकोन त्याच्या पट्ट्याच्या रंगात रंगवला. पण एका चौकोनात दोन रंग कसे भरायचे हे त्यांना दोन दिवस जमेना. बी विंगमधल्या काकूंनी विचारलं, “आमच्या नातवाला मधला सोडून एकदम वरचा देता येईल का? शाळेतसुद्धा त्याला पहिलीतून एकदम तिसरीत घेणार होते.” कुणीतरी कोडोकानच्या एका वृद्ध ज्येष्ठांचा फोटो टाकला. त्यांच्या कमरेला लाल-पांढरा पट्टा होता. त्याखाली एकीची प्रतिक्रिया आली, “अय्या, या वयात अजून जोडपट्ट्यातच?” लाल-पांढरा पट्टा हा सहाव्या ते आठव्या दानाचा असतो आणि त्याच्या वर नुसता लाल. पण त्या बाईंचंही काही चुकलं नाही. आमच्या हिशेबानं दोन रंग म्हणजे मधेच लटकलेला माणूस.

जोडपट्टे दुकानात मिळेनात. दुकानदार म्हणाला, “एक रंग घ्या, नाहीतर दोन पट्टे घ्या.” शेवटी पालकांनी दोन-दोन पट्टे घेऊन टेलरकडे दिले. टेलरनं मन लावून काम केलं. अर्धा पट्टा पांढरा आणि अर्धा पिवळा कापून मधे जोडला. कमरेला वेढे घेऊन गाठ मारल्यावर काही मुलं समोरून पिवळी दिसू लागली आणि मागून पांढरी. नानांनी एकाला फिरवून फिरवून पाहिलं. “समोरून बढती, मागून पूर्वपदावर,” ते म्हणाले. “असं मी फक्त एकदा पाहिलंय, आमच्या गटविकास अधिकाऱ्याच्या बाबतीत.”

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घराघरांतून जपानी ऐकू येऊ लागलं. कोडोकानच्या मान्य यादीत आज बरोबर शंभर तंत्रं आहेत: ६८ फेकण्याची आणि ३२ जमिनीवर धरण्या-आवळण्याची. शंभर हा आकडा ऐकून पालकांचे डोळे चमकले. ‘म्हणजे शंभरपैकी किती येतात?’ हा प्रश्न आता रीतसर विचारता येत होता. तेराचा पाढा म्हणताना जिची दातखीळ बसते ती आमची मुलगी दे-आशी-हाराई, इप्पोन-सेओई-नागे आणि केसा-गातामे एका दमात म्हणू लागली. नाना कागद घेऊन तोंडी परीक्षा घेत. “केसा-गातामे म्हणजे काय?” असं विचारल्यावर तिनं त्यांना सतरंजीवर आडवं करून प्रात्यक्षिकच दाखवलं. वीस सेकंदांनी नाना म्हणाले, “तोंडी पुरे होतं गं.”

परीक्षेच्या दिवशी हॉल भरून गेला. एकेक मूल मॅटवर येऊन वाकत होतं, तंत्राचं नाव ऐकत होतं आणि जोडीदाराला आपटत होतं. बाकांवरून आया ओठ हलवून उत्तरं पुरवत होत्या. फेकण्याच्या परीक्षेत ओठ हलवून काय होणार? पण दहावीपासूनची सवय आहे, ती सुटत नाही.

मग सरांनी मुलांना एकमेकांशी मोकळं खेळायला सोडलं. तिथे एक पांढऱ्या पट्ट्याचा मुलगा होता. नुकताच कोल्हापूरकडून आलेला, वडील स्वतः तालमीतले. परीक्षेचा अर्ज त्यांनी भरलाच नव्हता. त्या पोरानं आधी एक पिवळा पाडला, मग एक नारिंगी, मग डॉक्टरांचा नवाकोरा जोडपट्टा आणि शेवटी वयानं आणि अंगानं मोठा असलेला एक निळाही. पाडल्यावर प्रत्येकाला हात देऊन उठवत होता. बाकांवर चुळबुळ सुरू झाली.

मी त्याच्या वडिलांना विचारलं, “तुम्ही याला परीक्षेला का बसवलं नाही?”

“बसवू की पुढं,” ते म्हणाले. “पर आमच्याकडं कुस्ती मारली का, एवढंच इचारत्यात. कंचा रंग, ते कोन इचारतंय!”

त्यांचंही खरं होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबागचं मैदान बांधलं. तिथल्या लाल मातीत रंग एकच आणि तो सगळ्यांच्याच अंगाला लागतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, तेव्हा त्यांना हिरवे पैलवान की तपकिरी पैलवान असं कुणी विचारलं नाही. महाराष्ट्र केसरीची गदासुद्धा एकच असते. अर्धी गदा अजून तरी कुणी काढलेली नाही.

नाना मात्र त्या मुलाकडे बराच वेळ बघत होते. “याची सेवापुस्तकात नोंद नाही,” ते मला हळूच म्हणाले, “आणि ऑफिसचं सगळं काम हाच करतोय. म्हणजे रोजंदारीवरचा दिसतो. याला आधी कायम करायला सांग.”

घरी येताना मी त्यांना केइको फुकुदा यांची गोष्ट सांगितली. या बाईंचे आजोबा खुद्द कानोंना जुजुत्सू शिकवणाऱ्यांपैकी एक. १९३५ मध्ये त्या कोडोकानच्या महिला विभागात दाखल झाल्या. पाचव्या दानापर्यंत पोचल्या आणि तिथेच अडकल्या, कारण बाईला त्याच्या वर न्यायची रीतच नव्हती. सहावा दान मिळाला १९७२ मध्ये. कोडोकाननं नववा दिला २००६ मध्ये, तोही इतिहासात पहिल्यांदाच एका बाईला. दहावा मिळाला २०११ मध्ये, अमेरिकेच्या ज्युदो संघटनेकडून. तेव्हा त्यांचं वय ९८ होतं. त्यांनी तोवर शिकवणं काही थांबवलं नव्हतं.

नाना रस्त्यातच थांबले. एवढं हळवं झालेलं मी त्यांना फक्त पेन्शनच्या दिवशी पाहिलंय.

“थकबाकी मिळाली का बाईंना?” त्यांनी विचारलं.

मला वाटतं, नानांना ज्युदोतलं जेवढं कळायला हवं तेवढं तिथे कळलं. वरचा माणूस पट्टा देतो तेव्हा तो देणाऱ्याच्या सोयीनं देतो. फेकता येणं हे ज्याचं त्यानं मिळवलेलं असतं आणि त्याला कुणाचं शुद्धिपत्रक लागत नाही. तरी मी रंगांच्या विरोधात नाही. आमच्या वर्गातली निम्मी मुलं पुढच्या पट्ट्याच्या ओढीनं येतात आणि मग खेळाच्या नादानं टिकतात. कानोंचा आणि कावाइशींचा अंदाज अचूक होता. मुलांना पायऱ्या लागतात. चूक होते ती आम्ही बाकावरचे त्या पायऱ्यांवर सतरंजी टाकून बसतो तेव्हा.

म्हणून नव्या पद्धतीला सामोरं जाणाऱ्या पालकांना माझ्या अल्प अनुभवावरून दोन-तीन सूचना. पट्टा थोडा लांब घ्या. मूल वाढतं, रंग बदलतो आणि टेलरचे पैसे परत मिळत नाहीत. सपाट गाठ स्वतः मारायला शिका आणि मुलालाही शिकवा, म्हणजे सरांना शिकवायला वेळ उरेल. ग्रेडिंगच्या दिवशी ओठ मिटून बसा.

आणि जुने पट्टे कुणाला देऊन टाकू नका. या खेळात गेलेली गोष्ट गेलीच असं नेहमीच होत नाही. स्पर्धेतला ‘कोका’ नावाचा लहान गुण आंतरराष्ट्रीय महासंघानं २००९ पासून रद्द केला. त्याच्या वरचा ‘युको’ २०१७ मध्ये रद्द केला, सगळ्या पंचांनी तो विसरायचा सराव केला, आणि २०२५ मध्ये तोच युको सन्मानानं परत आणला. तेव्हा जुना पिवळा नीट गुंडाळून माळ्यावर ठेवा. पुढचं परिपत्रक निघेल, त्या दिवशी तो लागेल.